नाकाचं माप

दादांचं नाक गेलं ते एका साध्या पडशाने. ताप आला आणि उतरला, खोकला थोडे दिवस रेंगाळून निघून गेला, पण वास काही परत आला नाही. रुसून गेलेलं माणूस जसं एखाद्या सकाळी आपणहून दारात उभं राहतं तसा येईल, अशी दादांनी स्वतःची समजूत घातली. मग ते चोरून परीक्षा घ्यायला लागले. न्हाणीघरात साबणाची वडी नाकाशी धरून बघितली, कांदा चिरून बघितला, शेवटी रॉकेलच्या डब्याचं झाकण काढून त्यात जवळजवळ तोंड घातलं. डोळ्यांना जरा झोंबलं, तेवढंच. बाकी सगळं जग पाण्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या कुणाचं नाक गेलं असतं तर घरात चार दिवस चेष्टा झाली असती आणि विषय संपला असता. पण दादांच्या नाकावर दोन कुटुंबं जेवत होती.

दादा आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघांची मिळून संत्र्यांची कोठी होती. जाड भिंतींच्या तीन खोल्या, उंचावर झरोके, जमिनीपासून वीतभर वर लाकडी फळ्या आणि त्यांवर रचलेल्या पेट्या. हंगामात बागांमधून माल घ्यायचा, गार अंधारात जपायचा आणि बाजारात संत्रं दिसेनासं झालं की थोडा थोडा बाहेर काढायचा, असा धंदा. या धंद्यात चोराची भीती नाही, उंदराचीही फारशी नाही. भीती हिरव्या बुरशीची. तोडताना फळाला नुसतं नख लागलं तरी तिला दार मिळतं. आधी सालीवर मऊ डाग पडतो, मग पांढरी लव येते, मग लव हिरवी होते, आणि पेटी हलवली की त्या हिरव्याची भुकटी उडून शेजारपाजारच्या फळांवर जाऊन बसते. एका फळाचं दुखणं बघता बघता पेटीचं होतं आणि पेटीचं खोलीचं.

त्यावर या घराचा उपाय म्हणजे दादांचं नाक. रोज सकाळी कोठीत पहिलं पाऊल दादांचं पडायचं, त्याआधी कुणी कुलपाला हात लावायचा नाही. दादा चहा न घेता, अंगाला साबण न लावता जात, दार मागे ओढून घेत आणि पेट्यांच्या मधल्या बोळांतून सावकाश चालत. बुरशी डोळ्यांना दिसण्याआधी तिचा वास सुटतो. बंद ट्रंकेत ओला टॉवेल विसरावा आणि त्यात कुणी थोडी साखर सांडावी, तसा काहीसा. तो जिथे लागेल त्या पेटीवर खडूने फुली मारून दादा बाहेर येत. मग धाकटा आणि त्याची बायको फुलीच्या पेट्या उघडून खराब फळ काढून टाकत. फुली चुकली असं कुणाला आठवत नव्हतं. बाजारात दादांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. तिथे ते ‘नाकदादा’, आणि हे नाव त्यांना मनातून आवडायचं.

पडशानंतरही दादा रोज सकाळी आत जात राहिले. दार ओढून घेत, बोळांतून चालत आणि अंदाजाने फुल्या मारत. अंदाज अगदीच आंधळा नव्हता. खालच्या थरातली पेटी आधी बिघडते, भिंतीला टेकलेली आधी बिघडते, दव असताना तोडलेला माल आधी बिघडतो, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. कधी फुली लागायची. कधी धाकटा सगळी पेटी उपसून सांगायचा, की हिच्यात तर सगळं ठणठणीत आहे. त्यावर दादा म्हणत, आज आहे, उद्या नसतं. आणि ज्या पेटीवर फुली नव्हती तिच्यातून मात्र हिरवी भुकटी निघायला लागली.

तरीही नाकाबद्दल कुणाच्या मनात शंका आली नाही. यंदाची हवा वाईट, बागवाल्यांची तोडणी वाईट, भिंतींना ओल आली. धाकट्याने सगळ्यांना नावं ठेवली, फक्त त्या नाकाला सोडून. शेवटी त्याने शीतगृहाचा धोशा लावला. गावाबाहेर मोठं शीतगृह होतं, तिथे जागा घ्यावी, माल ठेवावा, आपण घरी हातपाय पसरून बसावं. तिथे यंत्र सगळं बघतं, असं तो म्हणायचा. दादा ऐकून घेत. शीतगृहात नाकाला काम नाही हे त्यांना कळत होतं, आणि कोठीत काम आहे पण नाक नाही, हेही. मग आपण या घरात आता कशासाठी आहोत, या प्रश्नापाशी येऊन ते थांबत आणि विषय बदलत.

अशात त्यांची भाची आली. थोरल्या बहिणीची ही मुलगी फळांच्या एका प्रयोगशाळेत कामाला होती. काचेच्या बशीत बुरशी वाढवायची आणि मग ती कशाने मरते ते बघायचं, असं तिचं काम. धाकटा तिला चिडवायचा, की आम्ही जिला घालवायला जिवाचं रान करतो, तिला तू पगार घेऊन पोसतेस. ती हसायची. कोठीतली नासाडी तिने बघितली, दोनचार खराब फळं पिशवीत घालून नेली आणि पुढच्या खेपेला तपकिरी काचेच्या बाटल्या घेऊन आली. एकीत लवंगेचं तेल, दुसरीत दालचिनीचं.

तिने सगळ्यांना ओसरीत बसवून समजावलं. तेल फळाला चोपडायचं नाही. कापसाच्या बोळ्यावर थेंब टाकायचे, बोळे बशांत ठेवायचे, बशा पेट्यांच्या मधे. तेल आपोआप हवेत उडतं, आणि त्या हवेत बुरशीचं बी रुजत नाही. पण हात आखडता ठेवायचा. तेल जास्त झालं तर सालच भाजते, तपकिरी डाग पडतात, आणि वास फळात शिरतो.

आता दादा उसळणार, अशा अंदाजाने धाकट्याने दादांकडे बघितलं. ज्या खोलीत लवंग घमघमते तिथे बुरशीचा वास कुणाला लागणार? म्हणजे नाकाला रजाच. पण दादा शांतपणे म्हणाले, करून बघू. धाकट्याने चहाचा घोट घेता घेता कप खाली ठेवला. दादांच्या बायकोने नवऱ्याकडे एकदा नीट बघून घेतलं.

दादांच्या मनात गणित सरळ होतं. बुरशीच आली नाही तर हुंगायचं कारणच उरत नाही. पहिलं पाऊल टाकायचं, फिरून यायचं, फुली मारायचीच नाही. तेलाने त्यांची लाज झाकली जाणार होती आणि कोठीही वाचणार होती. इतकी सोयीची गोष्ट त्यांच्या वाट्याला बऱ्याच दिवसांत आली नव्हती.

पण भाची जायला निघाली तेव्हा तिने माप सांगितलं.

“मामा, मी थेंब सांगितले असते,” ती म्हणाली, “पण तुमच्या खोल्यांना किती फटी आहेत, झरोक्यातून किती हवा जाते, मला काय माहीत. आणि तुमच्याकडे माझ्या प्रयोगशाळेतल्या यंत्रापेक्षा चांगलं माप आहे. सकाळी आत गेलात की वास असा यायला हवा, जसं काही लवंग चघळणारं कुणीतरी नुकतंच तिथून उठून गेलंय. त्याहून कमी वाटला तर थेंब वाढवा. जास्त वाटला तर झरोका उघडा. तुम्हाला मी काय सांगायचं.”

बोलायचं असतं तर ती वेळ होती. दादांनी मान डोलावली आणि बाटल्या कपाटात ठेवायला आत गेले.

पहिल्या सकाळी ते मधल्या खोलीत शिरले, बोळाच्या मध्यावर उभे राहिले आणि दीर्घ श्वास घेतला. पाणी. लवंग चघळणारं कुणी उठून गेलेलं नव्हतं, कुणी आलेलंच नव्हतं. तेल कमी पडलं की आपलं नाकच खोटं बोलतंय, हे कळायला त्यांना काही मार्ग नव्हता. विचारावं तर कुणाला? नाकदादाने दुसऱ्याला विचारायचं, की बाबा, इथे वास येतोय का? तेल कमी पडलं आणि बुरशी आली तर शीतगृह ठरलेलंच. त्यांनी थोडे थेंब वाढवले. दुसऱ्या सकाळीही काही नाही, म्हणून आणखी थोडे. त्यांना वाटायचं, इतकं टाकल्यावर थोडासा तरी लागेल, अगदी नावापुरता, आणि मग तिथे थांबता येईल. एखाद्या बहिऱ्याने आपल्याला ऐकू यावं म्हणून रेडिओ मोठा मोठा करत जावा, तसं चाललं होतं.

घरातल्यांचं वेगळंच चाललं होतं. धाकट्याची बायको पेट्या उचलायला आत जायची ती तोंडाला रुमाल बांधून, आणि तरी शिंकत बाहेर यायची. धाकट्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. त्याने एकदा बायकोपाशी विषय काढला, तेल जरा जास्त नाही का होत म्हणून. तिने त्याला गप्प केलं. दादा आत निवांत फिरतायत, ते काय उगाच? त्यांच्या नाकाला जे चालतं ते आपल्याला झेपत नाही, हा आपला दोष. धाकट्यालाही ते पटलं. दादांच्या कपड्यांना इतका वास यायचा की त्यांची बायको ते वेगळे भिजवायची. कधी नव्हे ते तिने विचारलं, तेल जरा बेतानेच टाकताय ना? दादा म्हणाले, भाचीने सांगितलंय तसंच.

मग एका सकाळी फळवाली आली. बाजाराच्या कोपऱ्यावर तिचं दुकान होतं आणि कोठीचा बराच माल तिच्याकडे जायचा. ती आली ती हातगाडीवर पेट्या परत घेऊनच. अंगणात गाडी लावली, एक संत्रं काढलं आणि दादांच्या पुढे धरलं. सालीवर इथे तिथे तपकिरी चट्टे होते, इस्त्रीने कापड भाजावं तसे.

“दादा, इतकी वर्षं तुमच्याकडून माल घेते, कधी तोंड उघडलं नाही,” ती म्हणाली. “पण काल एका गिऱ्हाइकाने मला विचारलं, हे खायचं की दुखऱ्या दाढेत धरायचं? दुसरी म्हणाली, घरातले मुंगळे पळाले, त्याबद्दल आभार. आता मी लोकांना फळ विकू की औषध?”

धाकटा संतापला, पण तिच्यावर नाही. त्याने तिथल्या तिथे भाचीला फोन लावला आणि ताबडतोब यायला सांगितलं. ती दुपारी आली तेव्हा सगळे अंगणातच होते. फळवालीही दुकानावर मुलीला बसवून परत आली होती, निकाल ऐकल्याशिवाय तिला चैन नव्हतं. दादांनी मधल्या खोलीचं दार उघडलं आणि आत जाऊन उभे राहिले. भाची त्यांच्या मागोमाग गेली, दोन पावलं आत टाकली आणि तोंडावर हात दाबून बाहेर पळाली. खोकून खोकून तिचा चेहरा लाल झाला. श्वास जागेवर आल्यावर तिने वळून बघितलं. तिचे मामा त्या खोलीत, बशांच्या मधोमध, हात मागे बांधून उभे होते आणि ती का पळाली हे न कळून तिच्याकडे बघत होते.

ती बघतच राहिली. मग तिने नजर खाली घेतली.

“माझंच चुकलं,” ती धाकट्याला म्हणाली. “मी मापच नीट सांगितलं नाही.”

ते वाक्य दादांच्या कानावर पडलं आणि त्यांना कळलं, की हिला कळलंय. 

धाकट्याला मात्र त्या वाक्याने मोकळं रान मिळालं. त्याने घडाघडा सगळं बाहेर काढलं. पुस्तकातले प्रयोग पुस्तकात ठेवावेत, आमच्या मालावर करू नयेत. त्या बाटल्या आत्ताच्या आत्ता घेऊन जा. उद्या मी शीतगृहात जागा सांगून येतो. आणि पुन्हा या कोठीत तुझ्या प्रयोगशाळेतलं काही आणायचं नाही. भाची ऐकत होती. तिने एकदाही मामांकडे बघितलं नाही. आपलं नाव राहायचं असेल तर नुसतं गप्प बसायचं आहे, दादांच्या लक्षात आलं. काहीच करायचं नव्हतं. पोरगी सगळं अंगावर घेऊन चालली होती, तेलही तिच्याबरोबर बदनाम होऊन जाणार होतं, आणि संध्याकाळपर्यंत बाजारात एवढंच पसरलं असतं की नाकदादाला फसवलं त्या तेलाने.

दादा खोलीतून बाहेर आले आणि उंबऱ्यावर बसले.

“तिचं माप बरोबर होतं,” ते म्हणाले. “मला वास येत नाही.”

“कसला?” धाकट्याने विचारलं.

“कसलाच. त्या पडशापासून.”

धाकट्याची बायको रुमालात शिंकली आणि तिलाच ओशाळल्यासारखं झालं.

“मग फुल्या?” धाकट्याने विचारलं.

“अंदाजाने.”

“म्हणजे मी इतके दिवस तुझ्या अंदाजावर पेट्या उपसत होतो.”

“निम्म्या बरोबर निघाल्या ना,” दादा म्हणाले.

धाकट्याने वहिनीकडे बघितलं. दादांच्या बायकोने परत आलेल्या पेट्यांवरची धूळ उगाचच हाताने झटकली. मला माहीत होतं, ती म्हणाली. शेजारच्या घरापर्यंत जळका वास गेला त्या दिवशी हे करपलेल्या दुधाच्या पातेल्याशेजारी बसून पेपर वाचत होते. दादांनी विचारलं, मग बोलली का नाहीस? त्यावर ती म्हणाली, तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते. फार थांबवलंत.

फळवालीने आपली गाडी वळवली. जाता जाता ती दादांपाशी थांबली. माझ्या सासऱ्यांनाही शेवटी दिसत नव्हतं, ती म्हणाली, पण ते रोज आरशात बघून दाढी करायचे. त्यांना कापून घ्यायचीच हौस. एवढं बोलून ती गेली.

धाकटा रागावलेलाच होता. पण रागात माणूस हात चालवतो, तसे त्याने झरोके उघडले आणि मधल्या खोलीतल्या पेट्या एकेक करून अंगणात आणायला सुरुवात केली. मग सगळेच लागले. वासाने गल्लीतली माणसं थांबून विचारायला लागली, की आत काय शिजतंय. धाकटा पेटी उघडायचा, फळ हातात फिरवायचा, बाजूला ठेवायचा. डाग होते, पण ते बशांच्या जवळच्या पेट्यांत. लांबच्या पेट्यांतली फळं चांगली चकचकीत होती. तो फळांमागून फळं फिरवत राहिला. थोड्या वेळाने सगळ्यांच्या लक्षात आलं, की तो डाग बघतच नाहीये. तो हिरवं शोधतोय.

एकही सापडलं नाही. खालच्या थरातली पेटी झाली, भिंतीला टेकलेली झाली, दवातल्या तोडणीची झाली. शेवटच्या पेटीतलं शेवटचं फळ त्याने दोनदा फिरवून बघितलं.

“बुरशी नाहीये,” तो म्हणाला, कुणाला असं नाही.

भाचीने हळूच सांगितलं, की इतकं तेल म्हणजे डास मारायला तोफ. याच्या किती तरी कमी तेलात तेच काम झालं असतं, आणि साल भाजली नसती. लांबच्या पेट्या थोडे दिवस हवेवर ठेवल्या तर वासही बराच उतरेल. धाकट्याने तिच्याकडे न बघता विचारलं, मग कमी म्हणजे किती? बाटल्या घेऊन जा म्हणाला होता, त्याचं काय, असं तिने विचारलं नाही. शहाणी होती.

शीतगृहाची भाषा त्या दिवसापुरती थांबली. पलीकडच्या खोलीत नव्याने करून बघायचं ठरलं, आणि या वेळी नाकाच्या मापाने नाही तर थेंबाच्या. भाचीने काचेची बारीक नळी आणली होती, त्या नळीने मोजून थेंब टाकायचे. पण नाकही लागणारच होतं, खोली सांगते ते ऐकायला. सगळ्यांनी आळीपाळीने आत जाऊन बघितलं तेव्हा धाकट्याची बायको सगळ्यांत तिखट नाकाची निघाली. तिने एका कोपऱ्यात थबकून सांगितलं, की इथे लवंगेच्या खाली दुसरंच काहीतरी आहे, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं. दादांनी दाराबाहेरून विचारलं, पुठ्ठा नुसता की गोडसर? ती परत वाकली. नुसता, ती म्हणाली. मग तो पेटीचाच, दादा म्हणाले, लाकूड ओलं असेल, फळाला काही नाही. पेटी उघडली तर तसंच निघालं. इतके दिवस शिंका आवरत राबलेल्या त्या बाईने दिराकडे नाही, नवऱ्याकडे बघितलं, आणि ते बघणं असं होतं की धाकट्याने पुढच्या पेटीला हात घातला.

मग बोळ्यांवर तेल टाकायची वेळ आली. धाकटा मोठ्या तोऱ्यात नळी घेऊन आत गेला. बाटली उघडून थोडे थेंब टाकले नाहीत तोच त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या, मोजणी हरवली, एका बोळ्यावर दुप्पट पडलं. तो बाहेर आला. भाची गेली, पण बाटलीवर वाकून बसायचं म्हटल्यावर तिलाही खोकला आवरेना. धाकट्याच्या बायकोने तर हातच जोडले, तिचं नाक आता कामाचं झालं होतं, ते असं जाळून चालणार नव्हतं. सगळे दाराबाहेर उभे राहिले. नळी घ्यायला कुणी पुढे येईना.

धाकट्याने डोळे पुसले आणि उंबऱ्यावर बसलेल्या दादांकडे बघितलं. त्याचा राग अजून पुरता गेला नव्हता, पण आता त्यात दुसरं काहीतरी मिसळलं होतं.

“दादा, ऊठ,” तो म्हणाला. “हे नाक असलेल्या माणसाचं काम नाही.”

दादांची बायको आधी हसली. मग भाची, मग सगळेच. दादा उठले. त्यांनी नळी घेतली, उजेडाकडे धरून बघितली, आत जाऊन एक रिकामी पेटी पालथी घातली आणि तिच्यावर बसले. डोळे जरा चुरचुरत होते, ते त्यांनी बाहीने टिपले. पहिल्या बशीवर वाकून ते सावकाश एकेक थेंब सोडायला लागले. बाहेर गप्पा सुरू झाल्या, कुणीतरी चहाचं आधण ठेवायला गेलं. थोड्या वेळाने धाकट्याने नाक चिमटीत धरून दारातून डोकं आत घातलं आणि विचारलं, किती झाले?

“मधे बोलू नकोस,” दादा म्हणाले. “चुकेल.”